साइडकारसाठी कोन्यॅक फोडायची खरंच गरज आहे का?

तळमजला:
आमच्या ग्रुपवर एकाने ठणकावून सांगितलं की घरी साइडकार नावाचं ब्रँडीचं कॉकटेल करायचं तर फ्रान्सची कोन्यॅकच पाहिजे, देशी ब्रँडी घातली तर त्याला साइडकार म्हणूच नका. मला हे अजिबात पटलेलं नाही. तिकडे टाइप करून बोटं दुखली म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोन्यॅक, संत्र्याची लिकर म्हणजे गोड दारू (बहुतेक लोक क्वांत्रो घेतात) आणि लिंबाचा रस, बर्फात दणकून हलवायचं, गाळायचं, थंड ग्लासात ओतायचं. एवढंच. १९२२ च्या छापील रेसिपीत तिन्ही समसमान दिसतात, १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या रेसिपीत ते दोनास एक एक झालं, आणि आज बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं माप आहे ५०-२०-२० मिली. शंभर वर्षांत ज्याचं प्रमाण एक राहिलं नाही त्याच्या शुद्धतेवरून आपण मुंबईत बसून भांडतोय.

माझं म्हणणं एवढंच की एवढं लिंबू आणि संत्रं पडल्यावर कोन्यॅकचा तो नाजूक वास-बीस कुठे उरतो? इम्पोर्टेड बाटलीवर भरमसाट कस्टम ड्युटी, वर राज्याची एक्साइज, वर दुकानदाराचं मार्जिन, आणि एवढं भरून आणलेल्या बाटलीत लिंबू पिळायचं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासायला बसण्यासारखं आहे. पैसे घालायचेच तर क्वांत्रोत घाला, ताज्या लिंबात घाला, बर्फाकडे लक्ष द्या. ब्रँडी नाशिकच्या द्राक्षाची चालते, मी तीच वापरतो आणि घरी येणारे ग्लास पुढे करतात.

खवचट_काका:
पैठणीचं वाक्य झकास, मुद्दा भंपक.

कोन्यॅक म्हणजे नुसती महाग ब्रँडी नाही हो. शारांत नदीच्या भागातली द्राक्षं, त्यातही बहुतेक उनी ब्लां जातीची, त्यांची आधी एक आंबटढाण, कमी अल्कोहोलची वाइन करतात (ती वाइन तशी प्यायला काही खास नसते), मग तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन आणि ओकच्या पिंपात कमीत कमी दोन वर्षं. बाटलीवर व्हीएसओपी हा वयाचा दर्जा लिहिला असेल तर चार. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त खपते ती ब्रँडी काय असते? उसाच्या मळीचं न्यूट्रल स्पिरिट (स्वतःची चव-वास नसलेलं अल्कोहोल), त्यात थोडंसं द्राक्षाचं स्पिरिट, रंगाला कॅरॅमल आणि वासाला इसेन्स. त्यात लिंबू पिळलं की सगळं झाकलं जातं असं तुम्ही म्हणताय, माझा अनुभव बरोबर उलटा आहे, आंबट पडलं की तो मनुका-व्हॅनिलाचा खोटा वास जास्तच वर येतो. शेवटी राहते ती खोकल्याच्या औषधाची चव.

आणि खूप वर्षं मुरलेली महागडी एक्सओ ओता असं कोण म्हणतंय? सगळ्यात कमी मुरलेली व्हीएस घ्या, कॉकटेलसाठी बारमध्येही तीच जाते. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर आणता येते, प्रत्येक मराठी घरात एक तरी भाचा दुबईला आहेच.

आजीचा_बटवा:
आमच्याकडे ब्रँडी म्हणजे औषधच होतं काका :) लहानपणी सर्दी झाली की गरम पाण्यात चमचाभर. कपाटात देवाच्या तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलेली असायची, तिचं कॉकटेल होतं हे मला लग्नानंतर कळलं. मी तळमजला यांच्या बाजूने.

खवचट_काका:
ताई, त्या चमच्याने सर्दी जात नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून उबदार वाटतं, आतली उष्णता उलट बाहेर जाते. पण आठवण गोड आहे, त्यावर वाद नाही.

तळमजला:
काका, मी नाशिकच्या द्राक्षाची म्हणालो, मळीची नाही, वाचून तरी प्रतिसाद द्या. देशी ब्रँडी म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात कशाला भरताय. बाटली उलटी करून मागचं लेबल वाचायचं, घटकांमध्ये न्यूट्रल स्पिरिट दिसलं तर खाली ठेवायची, फक्त द्राक्षाचं लिहिलं असेल तर घ्यायची. एवढं केलं की निम्मं भांडण मिटतं.

दुसरं म्हणजे आपली ब्रँडी ४२.८ टक्के अल्कोहोलची असते, कोन्यॅक साधारण ४०. बर्फात हलवून पाणी सुटल्यावर हे पावणेतीन टक्के कामाला येतात.

सोडाबाटली:
काय राव एवढं डोकं लावताय. क्वार्टर आणा, ऑरेंज स्क्वॅश टाका, लिंबू पिळा, वर सोडा. साइडकार तयार. चकण्याला शेंगदाणे.

लिंबूटिंबू:
सोडाबाटली, ते जे काय आहे ते प्या सुखाने पण साइडकार नका म्हणू, इथे दोन्ही पार्ट्या मिळून तुम्हाला धुतील.

आता माझं ऐका. दोघेही ब्रँडीवर भांडताय आणि खरा घोळ लिंबात आहे, त्यावर कोणी बोलत नाही. मूळ रेसिपीतलं लिंबू म्हणजे ते मोठं पिवळं जाड सालीचं. आपण घरात वापरतो ते कागदी लिंबू, ते वेगळं फळ आहे. आंबटपणा आकड्यात जवळजवळ सारखाच भरेल पण पिवळ्यात बहुतेक सगळं सायट्रिक अ‍ॅसिड असतं, कागदीत त्याच्या जोडीला मॅलिक अ‍ॅसिडही बऱ्यापैकी असतं, म्हणून ते जिभेला जास्त टोचतं आणि शेवटी किंचित कडवट लागतं. रमबरोबर हे जमतं, डायकिरी हे रमचं कॉकटेल त्याच्यावरच उभं आहे. ब्रँडीबरोबर मात्र दोघं एकमेकांशी भांडत बसतात. मुंबईतल्या घरांमध्ये जे साइडकार बिघडतात ते बहुतेक याच्यामुळे, आणि शिव्या खाते बिचारी ब्रँडी.

पिवळं लिंबू क्रॉफर्ड मार्केटच्या फळवाल्यांकडे मिळतं, मोठ्या सुपरमार्केटातही असतं. नसेलच तर कागदीचा रस २० ऐवजी १५ मिली घ्या. मोसंबीने सौम्य करा असं काही लोक सांगतात, चालतं, पण रस आयत्या वेळी काढायचा कारण मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो.

खवचट_काका:
हे मान्य. पहिला कामाचा प्रतिसाद.

निर्व्यसनी:
मराठीत लिहायला दुसरे विषय संपले का? उद्या शाळेतली पोरं वाचतील.

तळमजला:
पोरांनी वाचूच नये, तुमच्याशी सहमत. महाराष्ट्रात व्हिस्की-ब्रँडीसाठी वयाची अट २५ आहे, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे घरी ठेवायला-प्यायला परवाना लागतो, तो ज्यांनी काढला नसेल त्यांनी काढा. विषयावर येऊया.

वडाळा_ब्रिज:
मी तर क्वांत्रोही विकत आणत नाही, त्यामुळे तळमजला यांच्याशीही माझं वाकडं. संत्र्याच्या लिकरला पर्याय नाही हे कोणी सांगितलं तुम्हाला? नागपुरी संत्री आली की साल काढायची, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकायचा (तो राहिला की सगळं कडू), साध्या व्होडकात तीन दिवस बुडवून ठेवायची, गाळायची. सगळेजण इथे साखरेचा पाक घालतात, तो घालू नका. अर्धा लिटर व्होडकात ३०० मिली पाक गेला की लिकर २७ टक्क्यांवर येते आणि कॉकटेल पुचाट होतं. कोरडी साखरच घाला, अर्ध्या लिटरला दीडशे ग्रॅम, बाटली अधूनमधून हलवत राहा, दिवसभरात विरघळते कारण व्होडकात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. अशी ३६ टक्क्यांच्या आसपास राहते. क्वांत्रो ४० आहे. फार लांब नाही.

दुकानात स्वस्तातल्या ट्रिपल सेकच्या (म्हणजे संत्र्याच्याच लिकरच्या) बाटल्या असतात त्यांचं हेच दुखणं, पंधरा-वीस टक्के अल्कोहोल आणि बाकी गोडमिट्ट.

लिंबूटिंबू:
वास सुंदर येत असणार पण नागपुरी संत्रं पातळ सालीचं, गोड वासाचं. क्वांत्रोत गोड आणि कडू दोन्ही संत्र्यांची साल असते, त्या कडवटपणामुळेच तो गोड असून चिकट लागत नाही. तुमच्या बाटलीत ती बाजू लंगडी पडणार. गळलिंबाची किंवा पपनसाची थोडी साल टाकून बघा, पुढच्या वेळी.

वडाळा_ब्रिज:
पपनस! हे डोक्यात नव्हतं आलं. गणपतीच्या आसपास बाजारात ढीग असतो. पण तेव्हा चांगली संत्री नसतात, म्हणजे आता पपनसाची साल वेगळी भिजवून ठेवावी लागणार.

खवचट_काका:
तळमजला, आता जरा मुद्द्याचं बोलू. तुम्ही माप सांगितलंत ते तुमच्या सोयीचं सांगितलंत. १९४८ मध्ये डेव्हिड एम्बरी नावाच्या अमेरिकन वकिलाने याच ड्रिंकचं माप दिलंय आठ भाग कोन्यॅक, दोन भाग लिंबू, एक भाग क्वांत्रो. तसं करून बघा आणि मग म्हणा कोन्यॅक लपते म्हणून. तिन्ही सारखे घातले तर ब्रँडी कुठलीही चालेल कारण तुम्ही ब्रँडी पीतच नाही आहात, लिंबाचं सरबत पिताय. तुमचा सगळा युक्तिवाद त्या मापावर उभा आहे.

तळमजला:
बरोबर, मापावर उभा आहे, आणि ते माप मी लपवलेलं नाही. आठास दोनास एक घातलं तर मीही कोन्यॅक घेईन. पण तो साइडकार घरी आलेल्या माणसांना दिला तर निम्मे लोक एका घोटात ग्लास खाली ठेवतात, जरा पाणी घाल म्हणतात. मी घरात ६०-२०-२० करतो, पेगच्या मापाने मोठा पेग ब्रँडी आणि बाकीचे दोन, छोट्या मापाला थोडे कमी. या मापाला चांगली द्राक्षाची ब्रँडी टिकते. तुमच्या मापाला नाही टिकणार, हे मी वादापुरतं नाही, मनापासून म्हणतोय.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. हा लागतो सरबतासारखा पण साध्या मोठ्या पेगपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त चढतो, क्वांत्रोपण चाळीस टक्के आहे हे लोक विसरतात. दोनाच्या वर कोणाला ओतू नका आणि जाताना रिक्षा-टॅक्सी बोलवून द्या.

सात_रस्ता:
मधला मार्ग. देशी ब्रँडी घ्या आणि क्वांत्रोऐवजी ग्राँ मार्निए. ती लिकर कोन्यॅकवरच बनते, त्यामुळे थोडी का होईना कोन्यॅक मागच्या दाराने आत येते. काकांचंही समाधान.

खवचट_काका:
माझं समाधान इतक्या स्वस्तात होत नाही. ग्राँ मार्निए जड आहे, लिंबाची धार बोथट करते, आणि पैसे वाचवायला निघालात ते कुठे वाचले? ती बाटलीही इम्पोर्टेडच ना.

पार्ले_मावशी:
ग्लासाच्या काठाला साखर लावायची की नाही यावर कोणी भांडलं नाही अजून? मी लावते. सगळीकडे छापलेल्या फोटोत असते.

तळमजला:
मावशी, साखरेचा काठ ब्रँडी क्रस्टामधून आला असं म्हणतात, १८५० च्या दशकात न्यू ऑर्लिन्समध्ये सान्तिनी नावाचा बारवाला करायचा ते ड्रिंक, साइडकारचं आजोबाच. पण जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत साखर दहा मिनिटांत चिकट होऊन बोटांना लागते, ओठांना लागते, आणि लिंबाच्या आंबटपणाची मजा जाते. क्वांत्रोचा गोडवा पुरतो. माझं मत नको.

पार्ले_मावशी:
अर्ध्याच काठाला लावायची, म्हणजे ज्याला पाहिजे तो त्या बाजूने पितो. आणि आदल्या दिवशी लावून ग्लास फ्रीजमध्ये ठेवला तर चिकट होत नाही, वाळते. लिंबाची फोड काठावरून बाहेरच्या बाजूने फिरवायची, आतून नाही, नाहीतर साखर ड्रिंकमध्ये पडते. आमच्याकडे जावईबापूंना साखरेशिवाय दिला तर ते ग्लासाकडे बघतच बसतात.

लिंबूटिंबू:
बर्फाचं पण सांगा कोणीतरी. फ्रीजच्या ट्रेमधले ते छोटे ओलसर खडे शेकरमध्ये टाकले की दहा सेकंदात अर्धं पाणी होतं. स्टीलच्या डब्यात पाणी गोठवून मोठे तुकडे फोडून घ्या, आणि फ्रीझरमधून काढल्या काढल्या वापरा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते, फक्त झाकणावर हात ठेवून हलवा.

सोडाबाटली:
मी सकाळपासून सगळं वाचतोय. माझ्याकडे द्राक्षाची ब्रँडी आहे, कागदी लिंबू आहे, स्टीलचा डबा आहे. क्वांत्रो नाही. स्क्वॅश तुम्ही काढून घेतलात. आता काय करू?

वडाळा_ब्रिज:
तीन दिवस थांबा, संत्री आणा.

खवचट_काका:
ब्रँडी, लिंबाचा रस, चमचाभर पिठीसाखर, बर्फात हलवा. त्याला ब्रँडी सावर म्हणतात, जुनं आणि इज्जतदार ड्रिंक आहे, आणि त्यात देशी ब्रँडी घातली तर मी एक शब्द बोलणार नाही.

सोडाबाटली:
आणि वर सोडा?

खवचट_काका:
घाला बाबा.