अल्फा-सायन्युक्लिन (पार्किन्सनशी जोडलेलं मेंदूतलं प्रथिन) कॉलममधून फार लवकर येतंय, रेणूंचे गोळे झालेत का?

पाषाण_एमएस्सी:
ई. कोलाय जिवाणूमध्ये बनवलेलं प्रथिन. वजन १४.५ किलोडाल्टन, पण जेलवर पट्टा १८ जवळ आणि साइज-एक्सक्लूजनमध्ये (आकारानुसार वेगळं करणारा कॉलम, मोठं आधी येतं) चक्क ५०-६० ला. पीएचडी अशाच बिनघडीच्या (ठराविक आकार न घेणाऱ्या) प्रथिनांवर करायची आहे. एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत मोजणं) शिकू की संगणकावरचं सिम्युलेशन?

साखळी१४०:
गोळे नाहीत. साखळी मोकळी पसरलेली असल्याने कॉलमला ती मोठ्या गोल प्रथिनासारखी वाटते. जेलवर वर दिसते, कारण आम्लधर्मी शेपटीला एसडीएस (जेलसाठी वापरतात ते साबणासारखं रसायन) कमी चिकटतं.

पेशी फोडल्यावर द्रावण ९५ अंशांवर १५ मिनिटं ठेवा. घडीची प्रथिनं फाटलेल्या दुधासारखी खाली बसतात, आपलं वर राहतं. मग क्यू कॉलम (ऋणभारित रेणू धरणारा), पीएच ८. साधारण ३०० मिलिमोलर मिठाला उतरतं. ट्रिप्टोफॅन एकही नाही, टायरोसिन फक्त ४, म्हणून २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषण्याचा गुणांक जेमतेम ५९६०. थोडा डीएनए राहिला तरी प्रथिनाचा आकडा फुगतो. २६० आणि २८० च्या शोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) बघितलंत का? आणि फेस येईल असं हलवू नका, हवा-पाण्याच्या सीमेवरच प्रथिनाचे तंतू लवकर धरतात.

एचएसक्यूसी:
एनएमआर १०-१५ अंशांवर, पीएच ६.५ च्या आसपास घ्या. ३७ अंश आणि ७.४ ला साखळीतल्या अमाइड गटांचे हायड्रोजन पाण्याशी इतक्या वेगाने अदलाबदल करतात की कितीतरी शिखरं गायब होतात. लोकांना वाटतं सॅम्पल गेलं! ५ प्रोलिन तर दिसणारच नाहीत, त्यांना तो हायड्रोजनच नसतो. शिखरं ७.७ ते ८.६ पीपीएममध्ये दाटीने येतात. इथे साखळी मोकळी असल्याची तीच चांगली खूण.

परम_रांग:
एनएमआर की सिम्युलेशन, असं नाही चालत. प्रयोगातून हजारो आकारांची सरासरी मिळते आणि तीच सरासरी देणारे आकारांचे संच अनेक असतात. सिम्युलेशनमध्ये टीआयपी३पी पाणी (पाण्याचं एक मॉडेल) घेतलं की साखळी उगाच आकसते. एसएएक्सएसमधली (क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून मोजलेली) त्रिज्या शेजारी नसेल तर ते कळतही नाही. एक तंत्र हाताने पक्कं करा, दुसऱ्याचा कच्चा डेटा वाचता आला पाहिजे. पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर ही विज्ञान संस्था शेजारी-शेजारी आहेत, परम ब्रह्म महासंगणक आयसरमध्येच. दोन्हीकडची व्याख्यानं ऐका.

पाषाण_एमएस्सी:
२६०/२८० आलं १.३.

साखळी१४०:
मग डीएनएच. उकळून गाळ काढल्यावर मिलिलीटरला १० मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट घाला, पुन्हा फिरवा, मगच कॉलम. क्यूवर डीएनए जास्त मिठाला उतरतो, त्यामुळे शिखराची मागची बाजू घेऊ नका.