चेक तपासायचा स्कॅनर घ्यावा का? (सांगली मार्केट यार्ड, बजेट १५ हजार)

यार्डातला_हळदवाला: हळदीची अडत आहे. परपेठेच्या व्यापाऱ्यांचे चेक घेतो, शेतकऱ्यांना चेक देतो. शेजारच्या गाळेवाल्यानं दिलेला चेक मधल्या मध्ये कुणीतरी केमिकलनं धुतला, नाव बदललं आणि वटवला. तेव्हापासून धास्ती बसलीय. यूव्हीचा (अतिनील प्रकाशाचा) चेक स्कॅनर घ्यायचाय. १५ हजारांत कोणता बरा?

तासगावकर_बेदाणा: १५ च्या नादाला लागू नका. आमचा ३५ चा आहे. गठ्ठा लावला की झरझर ओढतो, चेकच्या खालचे एमआयसीआर (मशीननं वाचायचे) आकडेही वाचतो. बघायला या.

मिरजवाला: एवढे पैसे कशाला? नोटा तपासायची यूव्ही बॅटरी घ्या. चेकवर मारली की बँकेचा लोगो चमकतो. धुतलेल्या जागी डाग दिसतो. उजेडासमोर धरलं की ‘सीटीएस-इंडिया’ वॉटरमार्क दिसतो.

निवृत्त_हेडकॅशियर: आधी हे समजून घ्या. चेकचा कागद आता तुमच्या शाखेत येतच नाही. जिथं जमा होतो तिथंच राहतो. पुढं जातात ती तीन चित्रं: दर्शनी बाजू राखाडी छटांत, तीच काळी-पांढरी आणि मागची काळी-पांढरी. त्यांत यूव्ही शाई उमटत नाही. म्हणजे सही चित्रावर जुळवता येते, पण कागद पारखायचा तो जमा करून घेणाऱ्या काउंटरवरच. शेजाऱ्याचा चेक त्याच्या हातातून गेल्यावर धुतला. तिथं तुमच्या टेबलावरचा स्कॅनर काय करणार?

विश्रामबागकर: बँका नको तिथं कडक. माझ्या चेकवर नावात एक अक्षर दुरुस्त केलं, शेजारी पूर्ण सही केली, तरी परत!

निवृत्त_हेडकॅशियर: बरोबरच केलं. सीटीएसमध्ये, म्हणजे या चित्रं पाठवून चेक वटवायच्या पद्धतीत, तारीख सोडून कुठलीही खाडाखोड चालत नाही, सही असली तरी. नवीन पान फाडायचं.

विश्रामबागकर: पानाचे पैसे कोण देणार, काका?

कृष्णाकाठ: विषय भरकटतोय. दादा, दिलेल्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे करा. १ जानेवारी २०२१ पासून आहे. ५० हजार आणि वरच्या चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम आधीच बँकेला ॲपवरून कळवायची. चेक आला की ताडून बघतात, फरक निघाला की अडतो. ५ लाखांपासून बँक सक्तीही करू शकते. आणि घेतलेल्या चेकचं म्हणाल तर ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग (बँकाबँकांत चेक वटवणं) दिवसभर चालतं. सकाळी टाकला तर त्याच दिवशी कळतं. खात्यात जमा दिसल्याशिवाय पोती गाडीत चढवू नका.

मिरजवाला: तेच म्हणतोय, बॅटरी घ्या.

तासगावकर_बेदाणा: बॅटरीनं रेकॉर्ड राहतं का? काहीही.

यार्डातला_हळदवाला: सगळ्यांचं वाचलं. पॉझिटिव्ह पे आजच चालू केलं. पोत्यांचं मात्र जमणार नाही, जुनी गिऱ्हाईकं आहेत, माल अडवला की दुसऱ्या गाळ्यावर जातील. म्हणूनच स्कॅनर घेतोय. चेक बँकेत टाकला की आमच्याकडं काहीच उरत नाही. उद्या वाद झाला तर यूव्हीखालचा फोटो तरी दप्तरी पाहिजे. शेजारचा गाळा निम्मे पैसे घालतोय, त्यामुळं बजेट आता ३०.

तासगावकर_बेदाणा: अजून पाच घाला.