ब्रीफिंगमधली खडाजंगी: आगाऊ कोण, पत्रकार की प्रवक्ते?

घोडबंदरवासी
ऑक्टोबर २०२५ चा किस्सा आठवत असेल. हफपोस्ट या अमेरिकन न्यूज साइटच्या एस. व्ही. दातेंनी (हो, आडनाव आपलंच) व्हाइट हाऊसला मेसेज करून विचारलं की ट्रम्प-पुतिन भेटीसाठी बुडापेस्ट कुणी निवडलं, तर प्रेस सेक्रेटरी कॅरोलाइन लेव्हिट बाईंचं उत्तर, तुझ्या आईने. सरकारी पगारावर बसलेलं माणूस हे लिहितंय! आपल्याकडे नाक्यावर कुणी असं बोललं तर कॉलर धरली जाते. याच दातेंनी ऑगस्ट २०२० मध्ये ट्रम्पना तोंडावर विचारलं होतं की साडेतीन वर्षं जे खोटं बोललात त्याचा पस्तावा होतो का, आणि ट्रम्प सरळ पुढच्या पत्रकाराकडे वळले. मला तर असेच पत्रकार हवेत.

वाशीकर_सेक्टर१७
लेव्हिट बाई चुकल्याच, त्यात वाद नाही. पण दातेंचा तो २०२० चा प्रश्न म्हणजे प्रश्न होता की टोमणा? उत्तर काय मिळालं, शून्य. सीएनएनच्या जिम अकोस्टाचंही तेच, नोव्हेंबर २०१८, ट्रम्पशी जुंपली, माइक सोडेना, व्हाइट हाऊसचा प्रवेश पास काढून घेतला, सीएनएन कोर्टात गेली, काही दिवसांत कोर्टाच्या आदेशाने पास परत. सगळ्यांना माइकची ओढाताण आठवते, त्या दिवशी मुद्दा स्थलांतरितांच्या तांड्याचा होता हे कितीजण सांगतील? क्लिप व्हायरल झाली की यांचं काम झालं.

चहा_कमी_साखर
वाशीकर +१. टीव्हीसमोर सगळेच शूर.

ऐरोलीकर
मी काही वर्षं पेपरसाठी इथल्याच एका पालिकेचं बीट केलंय, म्हणजे तिथल्या बातम्या, म्हणून लिहितो. आमच्याकडे आरडाओरडा अजिबात नव्हता. हातात स्टेपल मारलेली प्रेसनोट, पुढ्यात खोका, त्यात सामोसा, वेफर्स आणि एक पेढा. एखाद्याने विचारलं की खड्डे बुजवायचं बिल निघालं मग खड्डा तिथेच कसा, तर साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचे लेखी द्या, माहिती घेऊन सांगतो, आणि लगेच शेजारचा विचारायचा, साहेब यंदा पावसाळ्याचं नियोजन काय? झालं, पहिला प्रश्न गटारात. साहेबांना काही करावंच लागायचं नाही, आम्हीच त्यांना सोडवायचो.

आता हे बघा. जुलै २०१८, ट्रम्पच्या तेव्हाच्या प्रेस सेक्रेटरी साराह सँडर्स यांनी एनबीसीच्या हॅली जॅक्सनला पुढे विचारू दिलं नाही आणि द हिलच्या जॉर्डन फॅबियनला नंबर दिला. तो हॅलीलाच म्हणाला, तुझा प्रश्न विचार. ना आवाज चढवला ना माइक धरून ठेवला. माझ्या मते अकोस्टापेक्षा हा भारी, आणि याची क्लिप कुणी फिरवत नाही.

घोडबंदरवासी
ऐरोलीकर, हे माहीत नव्हतं, भारीच. पण मग सरकार बोलवायची माणसंच बदलतं ना. फेब्रुवारी २०२५ मध्ये एपी या वृत्तसंस्थेला ओव्हल ऑफिसची, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची, दारं बंद केली, का तर ते मेक्सिकोच्या आखाताला ट्रम्पनी दिलेलं नाव वापरेनात. त्याच महिन्यात पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या वतीने आत जाणाऱ्या मोजक्या पत्रकारांत, कोण जाणार हेही व्हाइट हाऊस ठरवायला लागलं, आधी ते पत्रकारांची संघटना ठरवायची. खुर्चीच तुमच्या हातात असल्यावर नंबर कुणाला सोडायचा?

वाशीकर_सेक्टर१७
म्हणूनच म्हणतो, कारण देऊ नका त्यांना. आणि अमेरिकेचं काय घेऊन बसलात, मे २०१९ ला दिल्लीत पंतप्रधान पत्रकार परिषदेत येऊन बसले, प्रश्न अमित शहांकडे गेले. तिथे कुणाचा आवाज चढला?

घोडबंदरवासी
एपीने कुठे आवाज चढवला होता काका? एक नाव छापलं नाही एवढंच. कारण द्या न द्या, काढायचं त्याला काढतातच.

चहा_कमी_साखर
ते सगळं ठीक, पण ऐरोलीकर, तुम्ही कधी सोडलात का आपला नंबर दुसऱ्यासाठी?

ऐरोलीकर
नाही. संध्याकाळी डेस्कवरून फोन यायचा, तुझी बातमी कुठाय. दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळवून दिलं तर बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, त्याचीच लागते.