हिमोग्लोबिन, बीट आणि जेवणावरचा चहा

शुभदा (सचिव): रविवारच्या रक्ततपासणी शिबिराचे रिपोर्ट आले आहेत. ऑफिसमधून आपापलं पाकीट घेऊन जा. निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, म्हणजे कमी आलंय.

निशा (बी-२०३): माझं ९.८ 😟 उद्यापासून रोज बीटचा ज्यूस.

मंदाकाकू (ए-१०१): बीट, गाजर, डाळिंब सुरू कर. लाल ते सगळं रक्ताला चांगलं.

वैशालीताई (सी-४०२): काकू, बीट जरूर खाऊ दे, पण त्याच्यावर भिस्त नको. १०० ग्रॅम बीटमध्ये १ मिलिग्रॅमसुद्धा लोह भरत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. बीटचा लाल रंग वेगळा, त्याचा लोहाशी संबंध नाही. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, मटकी, हरभरे, अळीव, राजगिऱ्याची पालेभाजी जास्त उपयोगी.

निशा: पण ताई, आमच्याकडे पालेभाजी आणि उसळ असतेच की. तरी ९.८?

वैशालीताई: पोटात गेलं ते सगळं रक्तात जात नाही गं. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह शरीर सहज घेतं. धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं थोडंच घेतं, बाकीचं तसंच बाहेर पडतं. नाश्त्याला काय खातेस?

निशा: चहा-पोळी. आणि ऑफिसात डबा संपला की लगेच सगळ्या चहाला जातो.

वैशालीताई: बघ, इथेच गाडी अडते. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच धरून ठेवतं, मग ते रक्तापर्यंत पोचत नाही. कॉफीचंही तेच. चहा सोडू नकोस, फक्त जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेव. आणि उसळीवर लिंबू पिळ, पण ताटात वाढल्यावर. कढईत पिळलंस तर उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं, आणि लोह शोषायला तेच मदत करतं. पेरू, आवळा, कच्ची कोशिंबीर, काहीही चालेल. कडधान्यांना मोड आणले तरी फरक पडतो, त्यांतलं लोह अडवणारं फायटेट कमी होतं.

मंदाकाकू: आमचा सगळा जन्म चहा-पोळीवर गेला, काही झालं नाही.

वैशालीताई: काकू, तुमची तब्येत चांगली राहिली याचा आनंदच आहे. पण मी प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरलेल्या गरोदर मुली यायच्या, जिना चढताना धाप लागायची. घरचे म्हणायचे, ‘नाजूक आहे’. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना ॲनिमिया निघालाय. थकवा म्हणजे बाईच्या नशिबी असतोच, हे ऐकलं की मला फार त्रास होतो.

प्रशांत (बी-३०१): मग सरळ मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणाव्यात का? हिचंही १०.२ आहे.

वैशालीताई: आधी डॉक्टरांना दाखवा. पाळीत जास्त रक्त जातंय का, जंत आहेत का, हे बघायला हवं. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष असेल तरी हिमोग्लोबिन कमी दिसतं, तिथे लोह कमी असेलच असं नाही. म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्या. तुम्ही पूर्ण शाकाहारी ना? मग बी-१२ पण बघा. ते दूध-दह्यात थोडंफार असतं, धान्य-भाजीत जवळपास नाहीच. गोळ्या सुरू झाल्या तर चहा-दुधाबरोबर नकोत, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून बंद करू नका.

प्रशांत: धन्यवाद ताई 🙏 उद्याच जातो.

वैशालीताई: शुभदा, अजून एक. आपल्याकडे धुणीभांडी, झाडलोट करणाऱ्या मावशी शिबिराला नव्हत्या. पहाटे घरातून निघतात, आणि आपण त्यांना देतो काय, तर चहा-बिस्कीट. खरी तपासणी त्यांची व्हायला हवी.

शुभदा: खरंय. लॅबवाल्यांना परत बोलावते. सकाळी १० चालेल?

निशा: १० ला त्या कामात असतात. आमच्या मावशींना आत्ताच विचारलं, १ नंतर जमेल म्हणाल्या. पैसे पडतात का विचारत होत्या.

शुभदा: सोसायटी देईल, सांग त्यांना. १ ची वेळ ठरवते.

मंदाकाकू: मग मटकीची उसळ मी करते सगळ्यांना. लिंबं कोणीतरी आणा.