जेवतानाच्या आवाजांचा संताप येतो, काय करू? (सुईच्या भीतीचं जमलंय)

नमस्कार मंडळी,

आधी सुटलेलं सांगते. रक्त तपासायला बाही वर केली की माझ्या कानांना दडे, डोळ्यांपुढे अंधारी आणि मी आडवी. सगळे सांगायचे, "अंग सैल सोड." तेच चुकत होतं! इतर भीतींत रक्तदाब चढतो. सुई-रक्ताच्या भीतीत तो आधी चढून मग झपकन उतरतो, म्हणून भोवळ येते. समुपदेशक बाईंनी उलटं शिकवलं: हात, पाय, पोट १०-१५ सेकंद आवळायचं, चेहरा गरम वाटला की सोडायचं, २०-३० सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा. (सुईचा हात मात्र सैलच.) गेल्या दोन्ही वेळा शुद्धीत होते.

आता न सुटलेलं. शेजारी कुणी मचमच करत खाल्लं की डोकं फिरतं. भीती नाही, सरळ संताप. आवाज मोठा असावा लागतो असंही नाही. मिक्सरच्या घरघरीत मी निवांत असते, पण घास चावताना नवऱ्याचा जबडा डावीकडे बारीक 'टक्' वाजतो, तो नाही सोसत. पुढच्या टक्‌ची वाट बघत हातातला घास हातातच राहतो. परक्या माणसाचा तोच आवाज कमी टोचतो, याची तर लाजच वाटते.

याला मिसोफोनिया म्हणतात, शब्द २००१ सालचा. सासूबाईंच्या लेखी मात्र ही थेरं. भोवळ आली की त्याच धावत पाणी आणतात, कान झाकले की "नखरे"!

कानात बोळे घातले, तर स्वतःचंच चावणं डोक्यात घुमायला लागलं. शिवाय सतत बोळे घातले की कान आणखी हळवे होतात म्हणे. रेडिओ लावला की निम्मं भागतं. कधीकधी मी नवऱ्याच्याच तालावर चावते. हसू नका, त्यानेही फरक पडतो.

नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं, तर बिचारा आठवडाभर ओट्यापाशी उभ्याने जेवला. परत विषय काढायचा धीर होत नाही. तुमच्यापैकी कुणी घरच्यांना हे कसं सांगितलंत? आणि यासाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन) घेतलेलं कुणी आहे का? किती बैठकांनंतर फरक जाणवला?

"सवय होईल" हे कृपया नको. सहा वर्षं रोज समोरच बसतेय.