मदत हवी आहे: सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह आतच असलेला छोटा, हलका लॅपटॉप कोणता घ्यावा?

नागभीडचा_स्टुडिओवाला
राम राम मंडळी. ड्राइव्ह आतच असलेला छोटा आणि हलका लॅपटॉप पाहिजे. दुकानात विचारलं की १५ इंची धोंडा समोर ठेवतात, नाहीतर ‘आता ड्राइव्ह येतच नाही’ म्हणून मोकळे होतात. लग्नाचा सीझन लागायच्या आत घ्यायचा आहे. मॉडेलचं नाव सांगा, बाकी मी पाहून घेतो.

वर्धेकर
भाऊ, बजेट किती? नवा की जुना? सीड्या फक्त वाचायच्या की राईटही करायच्या? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

अकोल्याचा_पुण्यात
आता ड्राइव्ह कशाला? सगळं क्लाउडवर टाका. मी ऑफिससाठी १६ जीबी रॅमवाला घेतला, एकदम मस्त चालतो. गेमिंगसाठी घेत असाल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नक्की पाहा.

नागभीडचा_स्टुडिओवाला
गेमिंग नाही हो. लोकांच्या घरी जुन्या सीड्या आहेत, लग्नाच्या, बारशाच्या, भजनाच्या. घरातले प्लेयर कधीचे बंद पडले. मी त्या पेनड्राइव्हवर करून देतो. मोटरसायकलवर गावोगाव फिरतो, पाठीवर पिशवी असते. वीस हजारांच्या आत बसवायचं आहे.

अनुताई_उमरेड
मग सीड्या दुकानात आणून तिथल्या कॉम्प्युटरवर का नाही करत? लॅपटॉपचा खर्चच वाचेल.

नागभीडचा_स्टुडिओवाला
ताई, लोक सीडी घराबाहेर जाऊ देत नाहीत. तळोधीकडच्या एका गावात मावशीनं लोखंडी पेटी उघडली, खालच्या लुगड्याच्या घडीतून सीडी काढली. तिचा मुलगा आता नाही. मित्राच्या वरातीत नाचताना तेवढाच तो त्या सीडीत आहे. म्हणाली, ‘इथंच कर बाबू, माह्या डोळ्यासमोर.’ अशा माणसाला ‘दोन दिवसांनी आणून देतो’ कसं म्हणायचं?
बाहेरून लावायचा रायटर वापरून झाला आहे. खाटेवर बसून काम करावं लागते, तार जराशी हलली की कॉपी तुटते. कधी नुसताच टकटक वाजते आणि डिस्क फिरतच नाही. म्हणून आतला पाहिजे.

वर्धेकर
टकटक म्हणजे करंट पुरत नाही. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि डिस्क वेग पकडताना रायटर त्याहून जास्त ओढतो. निळ्या, म्हणजे ३.० पोर्टला ९०० मिळतात, त्यात लावा. किंवा दोन तोंडांची यूएसबी तार घ्या. बाहेरचा रायटर खराब झाला तर हजार-दीड हजारात नवा येतो. आतला बिघडला तर लॅपटॉपच उघडा. माझा सल्ला: सव्वा किलोचा साधा लॅपटॉप आणि बाहेरचा रायटर.

भंडारा_रिपेअर
वर्धेकर, त्यांनी तार हलते म्हणून सांगितलं ना? खाटेवर, अंगणात, लहान पोरं भोवती असताना लोंबता रायटर टिकत नाही. माझ्याकडे रिपेअरला येणाऱ्या अशा रायटरमध्ये पोर्ट ढिला झालेलेच जास्त.
आता कारण ऐका. लॅपटॉपचा ड्राइव्ह १२.७ नाहीतर ९.५ मिलिमीटर जाड असतो. त्याच्यावर-खाली बॉडी धरली तर पातळ लॅपटॉपमध्ये तो मावतच नाही. म्हणून कंपन्यांनी काढला. छोटा आणि ड्राइव्हवाला पाहिजे तर जुन्या बिझनेस लॅपटॉपकडेच वळावं लागते. एचपी एलिटबुक २५७०पी पाहा. साडेबारा इंची स्क्रीन, ड्राइव्ह आत, वजन दीड किलोच्या थोडं वर. जाडी इंचभर आहे, ती चालवून घ्या. पॅनासॉनिकच्या लेट्स नोटमध्ये किलोभर वजनात ड्राइव्ह मिळतो, पण ते जपानमधले, कीबोर्डवर जपानी अक्षरं, आणि इथं पार्ट मिळणं कठीण.

वर्धेकर
२५७०पी २०१२ चा आहे! तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर व्हिडिओ कन्व्हर्ट करायला बसाल तर पाहुणचाराचा चहा दोनदा होईल.

भंडारा_रिपेअर
कन्व्हर्ट तिथं करायचंच कशाला? गावात फक्त डिस्कची इमेज काढायची, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी कॉपी करून घ्यायची. डीव्हीडीचे जास्तीत जास्त ४.७ जीबी, दोन थरांची असेल तर ८.५. सीडी तर ७०० एमबी. हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाकली की झालं. एमपी४ रात्री दुकानातल्या कॉम्प्युटरवर बनवा. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, इंटरनेट लावूच नका.

अनुताई_उमरेड
हे पटलं. वाचायचं काम हलक्या मशीनवर, जड काम दुकानात.

चिमूरचा_पोट्टा
माझ्या १५ इंचीमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथं कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, एसएसडी बसवली, रॉकेट झाला. तुम्ही पण करा.

भंडारा_रिपेअर
त्यांना ड्राइव्हच पाहिजे आहे रे बाबू.

वडसेकर
स्टुडिओवाले दादा, तुमच्याकडे झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांच्या किंवा दंडारीच्या लोकनाट्याच्या शूटिंगच्या सीड्या येतात का? आमच्या वडसा देसाईगंजला इतक्या नाटक कंपन्या, मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक चालते, पण जुन्या प्रयोगांचं शूटिंग कोणाकडे धड राहिलं नाही. कुठं सापडलं तर नाटकमंडळीला विचारून एक प्रत जपून ठेवा. टिनाच्या छपराखाली, ४५ डिग्रीत, त्या राईट केलेल्या सीडीचा रंगथर किती दिवस टिकणार?

नागभीडचा_स्टुडिओवाला
येतात दादा, दंडारीच्या तर नक्की. आतापासून वेगळ्या ठेवतो, विचारूनच.
रिपेअरवाले भाऊ, इमेजचं डोक्यातच आलं नव्हतं, मी तिथंच एमपी४ करत बसत होतो. पण लाईन गेली तर? जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास तरी टिकेल का?

भंडारा_रिपेअर
जुनी बॅटरी आहे तशी घेऊ नका, नवी टाकायचे पैसे आधीच बाजूला ठेवा. या मॉडेलची बॅटरी बाहेरून निघते, दोन ठेवल्या की लाईनची काळजी नाही. ओरखडे असतील तर फडकं मधून काठाकडे सरळ फिरवा, गोल नाही. सीडीची छापील बाजू सगळ्यात नाजूक, तिच्यावर पेनाचं टोक रेटलं तरी डेटा जाते.

वर्धेकर
अजूनही बाहेरचाच रायटर बरा म्हणेन, पण बॅटरी बदलता येते हा मुद्दा मान्य. एक प्रश्न राहिला: हॅन्डीकॅमच्या ८ सेंटीमीटरच्या छोट्या डीव्हीडी येतात का? कॅमेऱ्यात फायनलाइज, म्हणजे दुसऱ्या मशीनवर चालेल अशी बंद, न केलेली असेल तर लॅपटॉप ती कोरी दाखवते. कोरी समजून परत देऊ नका. विंडोजवर आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरनं त्यातलं दिसते.

नागभीडचा_स्टुडिओवाला
दोन घरी अशा आहेत, कोऱ्या दाखवतात म्हणून बाजूला ठेवा म्हटलं होतं. त्या परत पाहतो. शनिवारी नागपूरला सीताबर्डीत जाऊन २५७०पी विचारतो.

भंडारा_रिपेअर
जाताना एक साधी सीडी, एक डीव्हीडी आणि जमलं तर एक छोटी डिस्क सोबत न्या. तिन्ही दुकानदारासमोर पूर्ण कॉपी करून पाहा, नुसता ट्रे उघडला म्हणून पैसे देऊ नका.