अनुभव धागा : थेरपीला गेलेले पुरुष

मनाला लागलेलं पुरुष सहसा बोलून दाखवत नाहीत. ते चिडचिड, पाठदुखी, दारू नाहीतर रात्र रात्र काम अशा वाटांनी बाहेर पडतं. म्हणून सरळच विचारतो: थेरपीत नेमकं काय केलं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं? ‘मन मोकळं करा’ छापाचे सल्ले नकोत, ओळख पटेल असे तपशीलही नकोत.

• घटस्फोटानंतरची गोष्ट. ‘कसं वाटतंय?’ला माझं ठरलेलं उत्तर, ‘ठीक.’ थेरपिस्ट बाईंनी तो प्रश्नच सोडून दिला. ‘आत्ता जबडा आवळलाय का? छातीत काय होतंय?’ असं विचारू लागल्या. त्याची उत्तरं मला देता येत होती. रागाखाली अपमान होता आणि त्याच्याही खाली एकटं पडण्याची भीती, हे तिथून हळूहळू वर आलं.

• वडिलांचा मार. कुणी हात उचलला तरी, अगदी वरच्या फळीवरून डबा काढायला उचलला तरी, मी दचकायचो. माझ्यासाठी ईएमडीआर नावाची थेरपीची पद्धत निवडली. आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या बोटामागे नजर इकडून तिकडे फिरवायची. ऐकून मांत्रिकच आठवला! पण मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी 1987मध्ये सुरू केलेली ही पद्धत आघातानंतरच्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013मध्ये सुचवली आहे. डोळ्यांच्या हालचालींचा त्यात वाटा किती, यावर तज्ज्ञांचं अजून जमत नाही. आठवण आहे तशीच आहे, दचकणं मात्र बरंच कमी झालं. वडिलांना माफ वगैरे केलेलं नाही, आणि थेरपिस्टनेही तसा आग्रह धरला नाही.

• धंदा बुडाला. मला सीबीटी, म्हणजे आपले विचार तपासून बदलायची थेरपी, मानवली. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांची, 1960च्या दशकातली. ‘मी नालायक आहे’ हा विचार वहीत उतरवायचा, बाजूने पुरावे, विरुद्ध पुरावे. हिशेबी माणसाला हे बरं पडतं.

• पहिल्या थेरपिस्टशी सूर जुळला नाही, बदलला. नैराश्य जास्त असल्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही बरोबरीने चालू होत्या.

• मी बायको म्हणून लिहितेय. नवरा जायला लागल्यावर सुरुवातीला घरात भांडणं वाढली, कारण आधी तो गप्प बसायचा. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

• जायचं ठरवलंय, पण पहिल्या भेटीत सुरुवात कुठून करायची?

• ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगा. पुढचं ते विचारतात.